थोरलीची गळती

पहिला थेंब पडला तेव्हा अण्णा टाळ्या घेत होते.

टाळ्या तशा रास्तच होत्या. सासऱ्यांची जुनी मोटार सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झोपून होती. ती त्या सकाळी खोकली, शिंकली आणि चक्क सुरू झाली. तिचं इंजिन पार सुटं करून, घासूनपुसून, नवे भाग घालून अण्णांनी मिस्त्रीच्या मदतीनं पुन्हा जोडलं होतं. म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं असं की इंजिन त्यानं जोडलं आणि अण्णा मध्ये मध्ये उभे होते. अण्णांचं म्हणणं नेमकं याच्या उलट. ते असो. जिन्यात, गॅलऱ्यांत माणसं जमली होती. अण्णांनी मान किंचित लववून टाळ्यांचा स्वीकार करायला सुरुवात केली होती, तेवढ्यात त्यांचे मोठे मेहुणे, दादा, खाली वाकून म्हणाले, "जावईबापू, हे काय हो?"

फरशीवर शर्टाच्या गुंडीएवढा काळा थेंब होता. सगळे बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.

"नवीन जोडलेलं इंजिन आहे," अण्णा म्हणाले. "घाम येणारच."

"इंजिन आहे की पैलवान?" दादांनी विचारलं, आणि टाळ्या थांबल्या.

इथे जरा नातीगोती सांगायला हवीत, नाही तर पुढचं सगळं तेलात जाईल. ही गाडी बेबीताईंच्या वडिलांची. बेबीताई म्हणजे अण्णांची बायको. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी माहेरचं हे नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा घरात मूल नव्हतं, म्हणून ते तिला 'थोरली' म्हणायचे. मग दादा झाले, मग बेबीताई. दोघांनाही लहानपणी एकच बोलणं खावं लागायचं की थोरलीकडून काही शिका, ती बिचारी मिळेल तेवढ्यात भागवते. वडील गेल्यावर गाडी भावाबहिणीच्या वाट्याला आली. आता तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. तपासणीत पास झाली तर रस्त्यावर, नापास झाली तर कायमची बाद. दादांनी भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. बेबीताई मात्र काहीच बोलत नव्हत्या. त्या काहीच बोलत नाहीत म्हणजे त्यांना फार लागलेलं असतं, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात अण्णांना कळायला लागलं होतं. याच गाडीत बाबांनी त्यांना मोटार चालवायला शिकवलं होतं, आणि थोरल्या बहिणीला भंगारात घालायचं म्हटल्यावर कुणाला ते बघवेल?

"बेबी, हा नाद सोड," दादा म्हणाले. "तपासणीवाले एक थेंब दिसला तरी सोडत नाहीत. उगाच तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं अशी गत व्हायची."

खरं तर अण्णांनी इथे गप्प बसायचं. पण गॅलऱ्या भरलेल्या, टाळ्या अर्ध्यावर थांबलेल्या, आणि मेहुणा बायकोदेखत धुपाटणं काढतोय! अण्णा छाती पुढे काढून म्हणाले, "दादा, तपासणीच्या दिवशी हिच्यातून एक थेंब जरी पडला, तर मी स्वतः हिला ढकलत भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी करीन."

'ढकलत' हा शब्द त्यांचा त्यांनाच जरा जड वाटला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि इंजिनातून गेलेलं तेल परत कुठलं येतंय.

अण्णांची उभी हयात वजनमापांच्या खात्यात गेली होती. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. मापाच्या भांड्याला बुडाशी बारीकसं भोक पाडून गिऱ्हाइकांना फसवणारे किती तरी दूधवाले आणि तेलवाले त्यांनी पकडले होते. भांडं म्हटलं की ते बंद हवं आणि भोक म्हटलं की लबाडी, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. माणसं पांगल्यावर ते बॅटरी घेऊन थोरलीपुढे उकिडवे बसले आणि काही वेळातच त्यांना गुन्हेगार सापडला. इंजिनाच्या कुशीतून एक वाकडी नळी बाहेर आली होती. तिचं तोंड खाली आणि सताड उघडं. टोकाला तेलाचा एक थेंब लोंबत होता.

नळी थेट इंजिनाच्या पोटात जात होती आणि झाकण म्हणाल तर नाही! एवढा मोठा कारखाना, पण बूच लावायला विसरला. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं अण्णांना नवल वाटलं. आपल्या लक्षात आलं याचं मात्र अजिबात वाटलं नाही.

मग त्यांनी नळीचं तोंड मोजलं. खात्यातून निवृत्त होताना त्यांना निरोपादाखल जाडी मोजायचा एक पोलादी चिमटा मिळाला होता. तो घेऊन ते घरात शिरले आणि दिसेल त्या गोल वस्तूला लावत सुटले. औषधांच्या बाटल्यांची झाकणं, टेबलाच्या पायांखालचे रबरी बूट, बेबीताईंच्या मलमाची डबी. काही ढिलं, काही घट्ट. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांना थर्मासचं बूच दिसलं. जुन्या पद्धतीचं, मऊ लाकडी सालीचं, उपसायला सोपं जावं म्हणून वर तारेनं लाल गुंडी बसवलेलं. चिमटा लावला. तंतोतंत! अण्णांच्या अंगावर शहारा आला. थर्मास हाही सासऱ्यांचाच, गाडीबरोबर गावोगाव हिंडलेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण माप इतकं जुळल्यावर माणूस भावनांकडे कुठे बघतो? थर्मासला काय, बाजारातून दुसरं बूच आणू, असं मनाशी म्हणत त्यांनी ते उचललं, नळीत ठोकून बसवलं आणि उघड्यावर विजोड दिसायला नको म्हणून गुंडीसकट इंजिनाचा चंदेरी रंग फासला. रंग वाळल्यावर ते असं दिसायला लागलं की कारखान्यातूनच बसवून आलंय.

बाजारात बूच मिळालं नाही. "आता आट्यांचं झाकण येतं साहेब, हे कोण वापरतंय!" असं म्हणून दुकानदार हसले. अण्णा हात हलवत घरी आले तर घरात निराळंच काही शिजत होतं.

"अहो, थर्मासचं बूच कुठे दिसलं का?" बेबीताईंनी विचारलं.

अण्णा तोंड उघडणार होते. देवाशपथ उघडणार होते. पण बेबीताईच पुढे म्हणाल्या, "सकाळी सगळ्यांना चहा वहिनीनं ओतला. म्हणजे बूच शेवटचं तिच्या हातात. बाबांचा थर्मास सुनेकडे असायला हवा, असं ती मागे एकदा म्हणाली होतीच. थर्मास सगळ्यांसमोर नेता येईना, म्हणून बूच नेलं."

"नुसतं बूच नेऊन ती काय करणार?" अण्णांनी खोल आवाजात विचारलं.

"मला थर्मास वापरता येऊ नये म्हणून! मी फोन केलाय तिला."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, वहिनी, चुकून तुमच्या पिशवीत गेलं असेल. तर म्हणाली, चुकून म्हणजे? मी म्हटलं, चुकून म्हणजे चुकून. तर तिनं फोनच ठेवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

अण्णांनी उघडलेलं तोंड मिटलं. आता खरं सांगावं तर बायको फोनवर बोलून बसलेली, न सांगावं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन्हींचा विचार करकरून त्यांनी असं ठरवलं की तपासणी झाली की बूच गुपचूप काढून एखाद्या कपाटामागे टाकायचं आणि आपणच शोधून द्यायचं. तोवर नंदाभावजया थोड्या अबोल राहिल्या तर जगबुडी होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या उमेदीनं पार्किंगमध्ये गेले. गाडी सुरू केली. नळीच्या टोकाशी खडखडीत कोरडं. अण्णा समाधानानं सरळ उभे राहिले आणि तेवढ्यात इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेनं तेलाची एक बारीक रेघ खाली उतरताना त्यांना दिसली. काल ती तिथे नव्हती.

इथून पुढे अण्णांच्या डोक्याचा जो गोंधळ उडाला तो शेवटपर्यंत काही बसला नाही. मिस्त्रीनं वरच्या झाकणाखालची पट्टी, म्हणजे ते ज्याला गॅस्केट म्हणतात ती, बदलली. वर बंद झालं, तर खालच्या चेंबरच्या, म्हणजे तेल साठतं त्या पत्र्याच्या भांड्याच्या, कडेनं झिरपायला लागलं. खालची पट्टी बदलली, तर पंख्याचा पट्टा फिरवणाऱ्या पुढच्या चाकामागचं रबरी सील ओलं झालं. सील बदललं, तर तेल मोजायची पट्टी आपल्या भोकातून टुणकन बाहेर उडाली आणि सगळ्या बॉनेटभर फवारा झाला. अण्णांनी ती तारेनं बांधून टाकली. मग तेल भरायचं झाकण ठकठक करायला लागलं. त्यावर त्यांनी वीट ठेवली.

"साहेब, एक सांधा गप्प केला की दुसरा बोलतोय," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "इतकी इंजिनं जोडली, पण असं हट्टी बघितलं नाही. आतून कोणी ढकलतंय म्हणावं, तर ढकलणार कोण?" त्या चंदेरी बुचावर त्याचा हात कितीदा तरी टेकला असेल. पण ते दिसतच होतं असं कारखान्यातलं, की त्याला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. अण्णांनी त्याकडे पाठ करून उभं राहायची सवय लावून घेतली होती.

गळकी गाडी आणि रिकामा वेळ एकत्र आले की सल्लागारांना तोटा नसतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आवळा! ढिलाई हेच सगळ्याचं मूळ आहे." अण्णांनी दिसेल तो बोल्ट आवळला, इतका की चेंबरचा पत्रा लाटेसारखा वाकला आणि जिथे झिरपत होतं तिथे वाहायला लागलं. मिस्त्रीनं तो ठोकून सरळ केला, तरी झिरपणं चालूच. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या की एकाऐवजी दोन पट्ट्या घाला, थंडीत आपण दोन पांघरुणं घेतो की नाही? दोन घातल्या. त्या एकमेकींवरून सटकल्या, म्हणून पुन्हा एकच ठेवली. मग कोणी तरी नळीतला लाल लेप सांगितला. अण्णांनी लेप इतक्या सढळ हातानं लावला की तो सगळ्या फटींतून वर आला आणि इंजिनानं ओठ रंगवल्यासारखं दिसायला लागलं. त्या रंगवलेल्या ओठांतूनही तेल गळतच राहिलं.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते दवाखान्यात जाता-येता गाडीपाशी थांबून इंजिनाकडे अशा नजरेनं बघायचे की त्याला आता आ करायला सांगतील. "अण्णा, दुखतो तो दात वेगळा आणि किडलेला वेगळा," ते म्हणाले. "तेल खाली दिसतं, पण येतं वरून. मुळाशी जा." त्यांनी दांडीला लावलेला आपला छोटा आरसा अण्णांना वापरायला दिला आणि वर युक्तीही सांगितली. इंजिन पेट्रोलनं पुसून कोरडं करायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची आणि गाडी सुरू करायची. जिथे पावडर आधी भिजेल तिथे रोग.

युक्ती बिनतोड होती. अण्णांनी बेबीताईंचा पावडरचा डबा अख्खा रिकामा केला. पंख्याच्या वाऱ्यानं त्यातली निम्मी अण्णांच्या तोंडावर आली, उरलेली इंजिनावर राहिली आणि बघता बघता सगळीकडून एकदमच भिजली. पुढून, मागून, वरून, खालून. आधी कुठे आणि नंतर कुठे, काही पत्ता लागेना. डॉक्टरांनी आरसा फिरवून फिरवून बघितला आणि गंभीरपणे सांगितलं, "सगळ्याच हिरड्या सुजल्यात."

या सगळ्याच्या जोडीला सेक्रेटरींच्या नोटिसा होत्याच. ते पार्किंगमध्ये 'आवळा' म्हणायचे आणि ऑफिसात बसून नोटीस काढायचे, कारण त्यांच्या मते माणुसकी वेगळी आणि कामकाज वेगळं. पहिल्या नोटिशीत 'आपल्या वाहनातून सामायिक जागेत होत असलेल्या स्रावाबाबत' खुलासा मागवला होता. अण्णांनी गाडीखाली ट्रे ठेवला. दुसरी नोटीस 'सामायिक जागेत खासगी भांडी ठेवल्याबाबत' आली. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांना नोटिसा बजावल्या होत्या. आता आपल्याच नावाची नोटीस ते जिन्यातल्या फळ्यावर वाचायचे. मागून कुणी आलं तर ते पाण्याच्या वेळा वाचतोय असं दाखवायचे.

घरात निराळीच गळती. वहिनींनी दादांना सांगितलं होतं की जोवर त्या बुचाचा छडा लागत नाही तोवर मी त्या घराची पायरी चढणार नाही. दादांनी ते बेबीताईंना सांगितलं. बेबीताईंनी ते अण्णांना सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाडीही जाणार बहुतेक, आणि वहिनीही गेली," त्या म्हणाल्या. "बाबांच्या मागे काही म्हणून धड राहिलं नाही बघा." अण्णांनी हाताला लागलेलं तेल पुसत 'हूं' केलं. त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी फडक्यानं किती तरी वेळ हातच पुसले.

मधूनच बेबीताई खाली येऊन बॉनेटमध्ये डोकावू बघायच्या. "काय झालंय तिला, बघू तरी," असं म्हणायच्या. अण्णा लगेच आडवे यायचे. "तू लांब राहा. कपडे खराब होतील. हे टेक्निकल आहे." असं म्हटलं की त्या वर निघून जायच्या.

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला.

तपासणीच्या मैदानात दादा आधीच येऊन उभे होते. त्यांच्याबरोबर एक टेम्पो होता आणि टेम्पोत जाड दोर. भंगारवाल्यानं तो खास पाठवला होता. "सोय म्हणून आणलाय," दादा म्हणाले. "तुम्ही ढकलणार म्हणालात खरे, पण तुमच्या कमरेची मला काळजी आहे." बेबीताई थोरलीतून उतरल्या. त्यांच्या हातात बाबांचा थर्मास होता. बुचाच्या जागी त्यांनी प्लॅस्टिकचा तुकडा रबरानं बांधला होता आणि वाटेतल्या खड्ड्यांनी अर्धा चहा त्यांच्या पिशवीत गेला होता. म्हणजे त्या घराण्याचं आता काहीच न गळता राहिलं नव्हतं.

खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट केले. "मूळ मालक कुठे आहेत?"

"ते वारले," अण्णा म्हणाले.

"तसं त्यांनी कळवायला हवं होतं."

अण्णांनी वारसांच्या सह्यांचा कागद पुढे सरकवला. खात्यात असताना आपणही कुणाला असंच काही विचारलं होतं का, हे त्यांना आठवेना आणि आठवावं असंही वाटेना. शेवटी वारसांच्या सह्या दिसल्यावर कारकून स्वतःच नाराज होऊन शिक्का मारता झाला.

तपासनीस वयस्कर आणि शांत होते. त्यांनी थोरलीखाली पांढरा कागद अंथरला, इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. सगळे कागदाकडे बघत होते. थोरली थडथडत होती. आणि मग अगदी मधोमध, सगळ्यांना नीट दिसेल असा, एक थेंब पडला. मग दुसरा.

"गळती, आहे," तपासनीस म्हणाले आणि लिहायला लागले.

"जावईबापू," दादांनी टेम्पोकडे बघत हळूच म्हटलं, "ढकला."

"साहेब!" अण्णांचा आवाज चिरकला. "दुसरी संधी असेल ना? आमच्या खात्यात असायची. तराजूसुद्धा दोनदा तपासायचो आम्ही."

तपासनिसांनी घड्याळ बघितलं. "आहे. पण मी आधी जेवून येतो. आलो की शेवटचं बघतो. तेव्हा थेंब पडला की संपलं."

अण्णांनी इंजिन बंद केलं नाही, कारण बंद केलं तर ते परत सुरू होईल याची त्यांना खात्री नव्हती. ते फडकं घेऊन गाडीखाली शिरले आणि जिथे जिथे ओलं तिथे तिथे पुसत राहिले. पुसलं की ओलं, पुसलं की ओलं. त्यांना रडू यायच्या बेतात होतं. आवळलं तर गळतं, सैल केलं तर गळतं, एक पट्टी तर गळतं, दोन तर गळतं. मापात तर कुठे केसाचीही चूक नाही. मग चुकतंय काय?

वर बेबीताई बॉनेट उघडून थोरलीपाशी उभ्या होत्या. आज पहिल्यांदाच त्यांना आडवं यायला कुणी नव्हतं. शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून त्या वाकल्या. इंजिनाच्या उष्णतेनं आणि तेलानं ठिकठिकाणचा चंदेरी रंग पोपडे धरून सुटला होता. कुशीतल्या वाकड्या नळीच्या टोकाशी त्या पोपड्यांतून काही तरी लाल डोकावत होतं.

"अगंबाई!" बेबीताई किंचाळल्या. "माझी गुंडी!"

आणि अण्णा गाडीखालून "अगं नको, नको, तिथे हात..." असं म्हणेपर्यंत त्यांनी हाताला रुमाल गुंडाळून ते बूच धरलं आणि डाव्याउजवीकडे पिळून खसकन उपसलं. नळीतून एक लांबलचक सुस्कारा बाहेर पडला. थोरली क्षणभर अडखळली, मग तिची थडथड कमी होऊन ती अशी एका सुरात चालायला लागली की टेम्पोवालासुद्धा मान वळवून बघायला लागला.

अण्णा गाडीखालून बाहेर आले. कपाळावर तेल, केसांत धूळ. समोर बायको बूच घेऊन उभी आणि बायकोशेजारी मेहुणा.

"बेबी," दादांनी सावकाश विचारलं, "हे ते बूच? ज्याच्यापायी माझी बायको माझ्याशी धड बोलत नाहीये, ते?"

"हेच." बेबीताईंची नजर अण्णांवरून हलत नव्हती.

"त्याचं असं झालं..." अण्णांनी सुरुवात केली. तेवढ्यात तपासनीस जेवून आले आणि अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाचा वक्तशीरपणा गोड वाटला.

नवा पांढरा कागद अंथरला गेला. सगळे पुन्हा वाकून उभे राहिले. थोरली शांतपणे चालत होती. कागद पांढरा राहिला. तपासनिसांनी गाडीला एक फेरी मारली, परत येऊन बघितलं. कागद पांढराच. अण्णांना काही कळेना. बूच तर आता काढलेलं, भोक सताड उघडं, म्हणजे गळायला हवं होतं ते जास्तच! त्यांच्यातला जुना अधिकारी गप्प बसेना. "साहेब, कागद नीट सरळ आहे ना?" ते म्हणाले. "जरा आणखी थांबून बघा. गळेल. गळायलाच पाहिजे."

बेबीताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"गळती, नाही," तपासनिसांनी लिहिलं आणि शिक्का उठवला.

सुंठीवाचून खोकला गेला होता. टेम्पो रिकामा परत गेला. दादांनी बहिणीच्या पाठीवर थाप मारली, थोरलीच्या टपावर एक मारली आणि अण्णांकडे वळून म्हणाले, "गाडीची तपासणी झाली. आता तुमची, आमच्या घरी."

गाडी बेबीताईंनी चालवायला घेतली. अण्णांनी विरोध केला नाही. ते शेजारी मांडीवर थर्मास घेऊन बसले. दादा मागे बसून दोराविना रिकाम्या राहिलेल्या हातांची बोटं मोडत होते. अण्णांनी विचारलं, "ती नळी कसली गं?"

"बाबा तिला थोरलीचं नाक म्हणायचे," रस्त्यावरची नजर न काढता बेबीताई म्हणाल्या. "आतली वाफ तिथून बाहेर पडते. इंजिन नव्यानं जोडलं की आधी दोनचार थेंब तेल यायचं, मग नुसता ओलावा. बाबा रोज सकाळी रुमालानं ते नाक पुसायचे आणि म्हणायचे, थोरलीला आज जरा सर्दी आहे. तुम्ही हिचं नाकच दाबून ठेवलंत. मग तोंड उघडणारच की! मिळेल तिथून श्वास घेत होती बिचारी."

"मग तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दातांच्या डॉक्टरांना विचारलंत, तळमजल्यावरच्या काकूंना विचारलंत, सेक्रेटरींना विचारलंत. मला कधी विचारलंत? मी डोकावायला आले की तुमचं आपलं टेक्निकल!"

मागच्या सीटवरून दादा खो खो हसले. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

वहिनींनी दार उघडलं, तिघांना बघितलं आणि दारातच हाताची घडी घातली. बेबीताईंनी तेलकट, चंदेरी, लाल गुंडीचं बूच नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बोला."

अण्णा बोलले. दूधवाल्यांच्या भोकांपासून सुरुवात केली, कारण त्यांना दुसरीकडून सुरुवात करताच येईना. मग चिमटा, मग माप, मग रंग, मग बाजारातले हसणारे दुकानदार आणि मग ते मिटलेलं तोंड, सगळं एकदम बाहेर आलं. कुठला सांधा आधी आणि कुठला नंतर, याचा पत्ता नव्हता. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, चूक सगळी माझी. तुम्हाला चोर ठरवलं गेलं आणि मी गप्प बसलो. मला क्षमा करा."

"माझीही चूक आहे," बेबीताई पुटपुटल्या. "मी फोनवर फार बोलले, वहिनी."

वहिनींनी बूच घेतलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि नाक मुरडलं. मग घडी मोडून म्हणाल्या, "आत या. आणि हे बूच आता माझ्याकडेच राहील. एवढे दिवस चोर म्हणून घेतलंय, तर आता ठेवतेच. थर्मास तुझ्याकडे, बूच माझ्याकडे. गरम चहा प्यायचा असेल तर इथवर यायचं."

आणि तसंच चाललंय. दर रविवारी बेबीताई थर्मास घेऊन थोरलीत बसतात आणि गाडी चालवत वहिनींकडे जातात. तिथे बूच डब्यातून निघतं, चौघांचा चहा होतो, आणि बूच परत डब्यात जातं. निघण्याआधी अण्णा बॉनेट उघडून खिशातल्या रुमालानं थोरलीचं नाक पुसतात. मग खाली वाकून फरशी बघतात. थेंब नसतो. भोक उघडं असताना थेंब का नसतो, हे त्यांना अजून नीटसं पटलेलं नाही. पण आता ते कुणाला विचारत नाहीत. आणि विचारलंच, तर फक्त बेबीताईंना विचारतात.